चौदा फुटांचं तळं

१. काळा पाइप

गुरुवारी सकाळी कवठझरीच्या गावतळ्याच्या काठावर गवतात दडलेला एक काळा पाइप सापडला, आणि दुपार व्हायच्या आत भागवत घुलेच्या डाळिंबबागेला गावच्या टाकीतून पाणी देणाऱ्या व्हॉल्व्हला कुलूप लागलं.

कवठझरी पारनेरच्या पठारावर आहे. पावसाचं काही सांगता येत नाही, म्हणून गावानं स्वतःला एक शिस्त लावून घेतली आहे. दसरा झाला की पाणी समिती तळ्यावर जाते. पाणी सोडायची मोरी जिथं आहे तिथं दगडी बुरूज आहे आणि बुरुजावर फुटांची पट्टी रंगवलेली आहे. ती वाचायची, आणि त्यावरून ग्रामसभेनं वर्षाची पिकं ठरवायची. एक फूट पाणी म्हणजे पंधरा दिवस, हे गणित तळं बांधलं तेव्हापासून गावाला पाठ. यंदा पट्टीवर चौदा होते. चौदा पंधरे दोनशे दहा, म्हणजे मे महिन्याच्या मध्यापर्यंत काळजी नाही.

पण गेल्या वर्षीही चौदाच होते, त्याच्या आदल्या वर्षीही, आणि त्याच्याही आदल्या वर्षी. तिन्ही वर्षं तळं फेब्रुवारीच्या मध्यावर संपलं. दोनशे दहा दिवसांचं पाणी एकशे वीस दिवसांत गेलं आणि उन्हाळी कांदा तिन्ही वर्षं वाफ्यातच सुकला. नव्वद दिवसांचं पाणी जात होतं कुठं?

"आता कळलं कुठं जातंय ते!" पाणी समितीचा अध्यक्ष गहिनीनाथ पाइपावर पाय ठेवून उभा होता. पन्नाशीचा माणूस, आवाज मोठा आणि मनात काही न ठेवणारा. "हितनं निघालाय तो थेट भागवतच्या बागंत. बाग लावून तीन वर्सं झाली. पानीबी तीन वर्सांपासूनच गायब. आनखी काय पुरावा पायजे?"

लोकांनी भागवतकडे पाहिलं. तो शांतपणे म्हणाला, "पाइप माझाच हाय." आणि पाठ फिरवून निघून गेला.

त्याच्या तीनशे झाडांनी आयुष्यातला पहिला बहार धरला होता. लाल फुलांनी बाग भरली होती. आठ दिवस पाणी तुटलं असतं तर ती सगळी फुलं मातीत गळाली असती. आणि रविवारच्या ग्रामसभेत त्याचा वाटा वर्षभरासाठी बंद करायचा ठराव येणार होता.

सरपंच पुष्पावती एवढंच म्हणाल्या, "ठराव रविवारी. तवर एक काम करू. सत्यशीलाबाईंना बोलवू."

२. तांब्याभर पाणी

सत्यशीलाबाई बहात्तर वर्षांच्या. गावच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं होतं. सरपंचापासून समितीच्या अध्यक्षापर्यंत सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. निवृत्तीनंतर त्या गावातच राहिल्या, आणि दोन शेजाऱ्यांचं बांधावरून वाजलं की लोक पोलिसांऐवजी त्यांच्याकडे येत.

शुक्रवारी सकाळी त्या काठी टेकत तळ्यावर आल्या. बरोबर गहिनीनाथ होता, आणि चेहरा दगडासारखा केलेला भागवत.

"भागवत, पाइप कशाचा?"

"ज्यानं चोर म्हनलं त्यालाच इचारा."

"मी विचारतेय. शाळेतही तू असाच गाल फुगवून बसायचास. उत्तर येत असायचं तरी हात वर करायचा नाहीस."

गहिनीनाथला हसू आवरेना. बाईंनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं आणि तो गप्प झाला.

"बरं, नको सांगू. पाइपालाच विचारू." बाईंनी तांब्याभर पाणी मागवलं. बागेच्या टोकाला पाइपाचं तोंड होतं, तिथं त्यांनी पाणी हळूहळू ओतलं. "गहिनीनाथ, तू तळ्याकडच्या तोंडापाशी जा आणि हाक मार."

थोड्या वेळानं खालून आवाज आला, "आलं वो बाई! पानी आलं!"

बाई काठी टेकत भागवतबरोबर खाली आल्या. "म्हणजे उतार कुठल्या बाजूला?"

"तळ्याकडं."

"आणि पाणी बागेकडे न्यायचं तर?"

"मोटर लागंल."

"मोटर दिसते कुठं? वायर? मोटर बसवायला ओटा? पाइपाच्या आत बोट घाल. काय लागतं?"

गहिनीनाथनं बोट बाहेर काढून पाहिलं. "लाल माती."

"तळ्याचा गाळ काळा. ही लाल माती वरच्या उताराची. डाळिंबाच्या मुळाशी पाणी तुंबलं की झाड मरतं, म्हणून पावसाळ्यात शेतात साचलेलं पाणी हा तळ्यात सोडतो. चोरी नाही, गहिनीनाथ. हा तर तळ्यात भरच घालतोय."

भागवतचे खांदे थोडे सैल झाले. गहिनीनाथनं टोपी काढून डोकं खाजवलं.

"पाइपाचं ऱ्हाऊ द्या. पर रातीचं इंजिन लावून पानी उपसत नसंल कशावरून? नव्वद दिसांचं पानी आपल्या पायानं चालत गेलं व्हय?"

हा प्रश्न रास्त होता.

३. करणचा टँकर आणि कडूबाईच्या म्हशी

दुसरा संशय होता करणवर. त्याच्याकडे जेसीबी, दोन ट्रॅक्टर आणि पाच हजार लिटरचा टँकर. कोंबड्यांच्या शेडला पाणी लागतं म्हणून टँकर तळ्याकाठीच उभा असायचा.

"बाई, आईशप्पत, हिरीतनंच भरतो," करण काकुळतीला आला. "तीन वर्सांमागं ह्याच हातांनी गाळ काढलाय तळ्यातला. हजार ट्रॉल्या! रोडच्या अंगाला उतार केला, तितनं ट्रॅक्टर आत घातले. पाच फूट खोल केलं तळं. गावानं बोर्ड लावला, माजा सत्कार केला. म्या कशाला चोरीन?"

"शपथ नको, गणित कर. तळं सहा एकर. नव्वद दिवस म्हणजे सहा फूट पाणी. काठ उतरते आहेत म्हणून थोडं कमी धरू. ढोबळ चार कोटी लिटर. तुझ्या टँकरच्या किती खेपा?"

करणनं मोबाईल काढला. "आठ हजार."

"एकशे वीस दिवसांत?"

"रोजच्या... पासष्ट-सत्तर." तो खुदकन हसला. "बाई, येवढ्या खेपा मारल्या असत्या तर टँकर न्हाई, नुसती चाकंच ऱ्हायली असती."

"आणि भागवतची झाडं तीनशे. ठिबकनं एका झाडाला दिवसाला चाळीस लिटर. चार महिन्यांचे चौदा-पंधरा लाख. एवढं पाणी प्यायला त्या बागेला पंचवीस-तीस वर्षं लागतील."

म्हणजे चोर कुणीही असो, एकट्यादुकट्याच्या हातून एवढं पाणी हलणारच नव्हतं. मग तळं गळत होतं का?

ते विचारायला बाई कडूबाईच्या खोपटावर गेल्या. भरावाच्या पायथ्याशी राहणारी ही म्हातारी चाळीस वर्षं तळ्यावर म्हशी धूत होती.

"गळतंय म्हनं! गळतं तर माज्या हिरीला आलं नसतं का पानी?" कडूबाईनं तोंडाला पदर लावला. "खालच्या हिरी तळ्याच्या आदीच तळ गाठत्यात. फागुनात समदं तळं कोरडं. बुरुजापाशी तेवढं डबकं ऱ्हातं, तितं म्हशी बसत्यात."

"पूर्वीही डबकं राहायचं?"

"न्हाई बा. हे गाळ काढल्यापासनं."

"आणि पावसाळ्यात? पाणी पूर्वीपेक्षा वर चढतं का?"

"वर कुटनं? सांडव्याचा दगूड हाय तितंच हाय. त्याला टेकलं की जादाचं वाहून जातंय. पैलं दगडाला टेकलं की पट्टीवर नऊ असायचे. आता टेकतंय तितंच, पर पट्टीवर चौदा." तिनं हात झटकला. "आमाला काय, म्हशीला आकडं वाचता येत न्हाईत."

बाई थबकल्या. पाणी त्याच दगडाला टेकत होतं, आणि आकडा मात्र पाचानं वाढला होता.

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. पाठोपाठ एक तरुण आवाज, "बाई! माझ्या आण्णांना चोर म्हणतायत हे खरं का?"

४. जेवणाच्या डब्याएवढं यंत्र

राजनंदिनी भागवतची एकुलती एक मुलगी. गावच्या शाळेतून पुण्याला विद्यापीठात गेली, पदार्थविज्ञानात संशोधन केलं, आणि गेली सहा वर्षं एकाच प्रश्नामागे होती: उथळ पाण्याचा तळ प्रकाशानं कसा मोजायचा? प्रयोगशाळेत तिचं यंत्र बाजेएवढ्या टेबलावर मांडलेलं असे आणि ते काचेच्या हौदातलं पाणी मोजत असे. आता आपल्या मार्गदर्शक सरांबरोबर तिनं छोटी कंपनी काढली होती आणि तेच यंत्र जेवणाच्या डब्यात मावेल एवढं केलं होतं. ड्रोनला बांधून खऱ्या तळ्यावर चाचणी घ्यायची, आणि ती पहिली आपल्याच गावात, म्हणून ती आली होती.

"मला नीट समजावून सांग," बाई कडूबाईच्या ओट्यावर टेकल्या. "मी आता विद्यार्थिनी."

राजनंदिनी हसली. "बाई, यंत्र हिरव्या लेझरचा एक लहानसा ठोका खाली सोडतं. थोडा प्रकाश पाण्याच्या पृष्ठभागावरून परत येतो, थोडा आत जाऊन तळावरून. दोघांच्या येण्यात किती वेळ गेला, त्यावरून खोली काढायची."

"प्रकाश पाण्यात सावकाश चालतो. ते धरलंस?"

"ते तुम्हीच आठवीत शिकवलंत. धरलंय. अडचण वेगळीच होती. पाणी उथळ असलं की दोन्ही परतीचे ठोके एकात एक मिसळतात. दोन माणसं एकदम बोलल्यासारखं, कोण काय म्हणालं कळत नाही. आवाजानं खोली मोजणारी यंत्रंही चार-पाच फुटांच्या आत अशीच गोंधळतात."

"मग?"

"आम्ही प्रकाश विंचरून सोडतो." तिनं केसांवरून हात फिरवून दाखवला. "त्याची सगळी कंपनं एकाच दिशेनं. पाण्याच्या पृष्ठभागावरून तो तसाच विंचरलेला परत येतो. पण तळाच्या मातीवर आपटला की विस्कटतो. विंचरलेला एका बाजूला घ्यायचा, विस्कटलेला दुसऱ्या. मग दोघं एकदम बोलले तरी आवाज वेगळे ओळखू येतात."

 बाईंनी तिचा हात हातात घेतला. "सहा वर्षं लागली?"

"सहा वर्षं, चार महिने."

"लागू देत. छान आहे."

गहिनीनाथला हे पटणं कठीण होतं. शनिवारी सकाळी भरावावर त्यानं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "पोरगी हुशार हाय, आपल्या गावाची हाय, तिचा मला अभिमानच हाय. पर बाप बी तिचा आन् यंत्र बी तिचं! उद्या ते म्हनंल तळ्याला भोक हाय, तर आमी मान डोलवायची व्हय?"

राजनंदिनीचा चेहरा लाल झाला. भागवत पुढे सरसावला. बाईंनी काठी आडवी धरली.

"गहिनीनाथचं बरोबर आहे. सांगणाऱ्याचा बाप कोण, हे बघून मोजमाप खरं ठरत नाही आणि खोटंही ठरत नाही. दुसऱ्या कुणालाही ते पुन्हा करून बघता आलं पाहिजे. गहिनीनाथ, परीक्षा तू घे."

५. तीन कॅन

ठरलं ते असं. तेलाच्या तीन रिकाम्या कॅनना दोरीनं दगड बांधून गहिनीनाथनं ते तळ्यात हव्या त्या जागी सोडायचे. राजनंदिनीनं ड्रोन फिरवायचा आणि प्रत्येक कॅनपाशी किती खोल ते कागदावर लिहून सरपंचांकडे बंद पाकिटात द्यायचं. रविवारची ग्रामसभा तळ्यावरच भरवायची आणि बांबूनं मोजून पाहायचं.

ड्रोन उडाला. वीस मिनिटं शेताला नांगर घालावा तसा तो तळ्यावर पट्ट्यापट्ट्यांनी फिरला. ऑक्टोबरातलं पाणी निवळलेलं होतं. वीस मिनिटांत त्यानं काही लाख ठिकाणी तळाला हात लावला होता. बांबू घेऊन ते करायचं तर गावाला महिने लागले असते. कडूबाई म्हशींसह बघत उभी होती. "घिरट्या तर घारीच्या घालतंय, आन् मासा येक धरला न्हाई."

रविवारी भरावावर सगळं गाव जमलं. भागवत एका टोकाला, कुणाशी न बोलता. ट्रॅक्टरच्या हवा भरलेल्या ट्यूबवर बसून करण पाण्यात गेला. हातात फुटांच्या खुणा केलेला लांब बांबू.

पहिला कॅन बुरुजाजवळ होता. करण ओरडला, "चौदा फूट!"

पुष्पावतींनी पाकीट फोडून पहिला आकडा वाचला. "चौदा."

टाळ्या पडल्या. गहिनीनाथनंही मान हलवली.

दुसरा कॅन तळ्याच्या मध्यावर. करणनं बांबू दाबला. "नऊ!"

पुष्पावतींनी कागद पाहिला, परत पाहिला. "कागदावर... आठ हाय."

कुजबुज सुरू झाली. तिसरा कॅन पलीकडच्या काठाकडे. बांबूनं सात सांगितले, कागदावर सहा होते.

"चुकलं!" कुणीतरी ओरडलं. "फुटानं चुकलं यंत्र!"

"मी म्हनलंच हुतं," गहिनीनाथ म्हणाला, पण त्याच्या आवाजात आनंद नव्हता. "बाई, तीनातले दोन चुकले. आता ठराव घ्यावाच लागंल."

राजनंदिनी पांढरी पडली होती. "बाई, एक फूट नाही चुकू शकत. बोटभर चुकेल, फूटभर नाही."

भागवत वळला आणि बागेच्या दिशेनं चालू लागला.

"भागवत, थांब," सत्यशीलाबाईंचा आवाज वर्गात चढायचा तसा चढला. "तास संपलेला नाही."

६. पातेल्याचं झाकण

"करण, बांबू इकडे आण. पुसू नकोस."

करणनं बांबू आणला. खालचा फूटभर भाग काळ्या चिखलानं माखला होता.

"मध्यावर बांबू टेकला तेव्हा हाताला कसं लागलं?"

"टेकला कुठं बाई? पुरनात उलथनं जावं तसा जात ऱ्हायला. थांबला तवा आकडा बोललो."

"आणि बुरुजापाशी?"

"तितं खट्‌कन लागला. खाली मुरूमच."

"म्हणजे मध्यावर तू पाणी मोजलंस की पाणी आणि चिखल दोन्ही?"

करणनं बांबूकडे पाहिलं आणि जीभ चावली.

"प्रकाश चिखलात घुसत नाही. तो गाळाच्या वरच्या थरावर आपटून परत येतो. कडूबाई, तुझ्या मोठ्या पातेल्याचं झाकण दे बघू."

"काय शिजवायचं हाय?" म्हणत तिनं झाकण आणून दिलं. बाईंनी ते बांबूच्या टोकाला तारेनं आडवं बांधून घेतलं, म्हणजे बांबू गाळात घुसणार नाही, वरच टेकेल. आणि बांबू गहिनीनाथच्या हातात दिला. "या वेळी तू जा. तुझ्या हातावर तुझा विश्वास आहे ना?"

पाणी समितीचा अध्यक्ष ट्यूबवर कसाबसा बसला तेव्हा भराव हसला. तो मध्यावर पोचला. त्यानं बांबू हळूच सोडला. वाकून खूण पाहिली. बराच वेळ पाहत राहिला.

"आठ," तो म्हणाला. मग पलीकडच्या कॅनपाशी. "सहा."

शिट्ट्या, टाळ्या, आरोळ्या उठल्या. बायकांनी राजनंदिनीला मिठ्या मारल्या. बाईंनी गलबला ओसरू दिला आणि गहिनीनाथ काठाला लागल्यावर विचारलं, "आता खरा प्रश्न. बुरुजापाशी मुरूम लागतो आणि बाकी सगळीकडे गाळ. असं का?"

 बाईंनी खूण केली तशी राजनंदिनीनं तळ्याचा मोठा छापील नकाशा उलगडला. जितकं खोल तितका निळा रंग गडद. सगळं तळं फिकट निळं होतं. फक्त बुरुजाच्या कोपऱ्यात, रस्त्याच्या अंगाला, अर्ध्या एकराचा एक गडद चौकोन.

करण सगळ्यात आधी बोलला, आणि त्याचा आवाज खोल गेला होता. "ती तर आमी खांदलेली जागा."

"ट्रॅक्टर तिथूनच आत जाऊ शकत होते, म्हणून हजार ट्रॉल्या तिथल्याच. पाच फूट खोदलंत, खरं आहे. पण तळं पाच फूट खोल झालं नाही, कोपरा झाला. आणि पट्टी नेमकी त्याच कोपऱ्यात. खोदल्यावर पट्टीचं काय केलंत?"

गहिनीनाथ पाण्यानं निथळत उभा होता. "म्या रंगवली. नव्या तळापासनं शून्य धरून. तळं खोल झालं म्हनून..." त्याचं वाक्य तिथंच राहिलं.

"म्हणून पाणी त्याच सांडव्याच्या दगडाला टेकूनही नवाचे चौदा झाले. आता मोजा सगळे माझ्याबरोबर. चौदातून कोपऱ्याचे पाच गेले?"

"नऊ!" सगळा भराव म्हणाला. पन्नाशीची माणसं वर्गात बसल्यासारखी.

"बाकी तळ्यात साठलेल्या गाळाचा एक?"

"आठ!"

"आठ पंधरे?"

"एकशे वीस!"

"एकशे वीस दिवस. ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. तळ्यानं तिन्ही वर्षं सगळं पाणी चोख दिलं. जे नव्वद दिवस आपण शोधत होतो ते कुणी नेलं नाही, ते तळ्यात कधी नव्हतंच. दर उन्हाळ्यात आपण तो खड्डा डोळ्यांनी पाहिला. कडूबाईच्या म्हशी त्यात बसल्या. पण पाहणं वेगळं आणि मोजणं वेगळं."

"मग बाग लागली आन् पानी कमी पडाय लागलं, ते एकाच वर्सी कसं?" मागून कुणीतरी विचारलं.

उत्तर भागवतनं दिलं. चार दिवसांत तो पहिल्यांदाच गावाशी बोलत होता. "त्याच गाळावर लावलीय बाग. दोनशे ट्रॉल्या म्याच नेल्या. गाळ निघाला म्हनून बाग उभी ऱ्हायली, आन् गाळ निघाला म्हनूनच पट्टी बदलली."

गहिनीनाथनं ओल्या सदऱ्याच्या खिशातून व्हॉल्व्हची किल्ली काढली आणि भागवतसमोर धरली. भागवतनं हात पुढे केला नाही.

"कुलूप समितीनं लावलंय. समितीनंच काढावं."

"काढतो," गहिनीनाथ म्हणाला. "समद्या गावादेखत काढतो."

भरावावरची सगळी माणसं उठली आणि त्या दोघांच्या मागोमाग बागेकडे निघाली. कुलूप निघालं. गहिनीनाथनं स्वतः व्हॉल्व्ह फिरवला. नळ्यांमधली हवा फसफसली आणि तीनशे झाडांच्या बुंध्यांशी थेंब पडू लागले. फुलं अजून फांद्यांवर होती. राजनंदिनी बापाजवळ जाऊन उभी राहिली. भागवत एवढंच म्हणाला, "विंचरल्याला उजेड आन् इस्कटल्याला... तू सांगितलंस त्यावर रातभर इचार केला. कळलं मला."

सभा बागेतच पुढे चालली. उन्हाळी कांदा कुणीही लावायचा नाही, हा ठराव सगळ्यांत आधी आला आणि एकही हात खाली राहिला नाही. चौदाऐवजी आठ म्हणणं सोपं नव्हतं. पण आठ त्यांनी स्वतः मोजले होते.

७. शेजारच्या गावात

पंधरा दिवसांत राजनंदिनीकडे सहा गावांचे निरोप आले. तिच्या सरांनी विद्यापीठातून फोन करून सांगितलं, की काचेच्या हौदातल्या सहा वर्षांपेक्षा कवठझरीचे तीन कॅन लोकांना जास्त पटतायत. तिला एकच काळजी होती. ज्या गावात तिला कुणी ओळखत नाही, तिथं तुमचं तळं तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लहान आहे हे ऐकून कोण घेणार?

"तू यंत्र सांभाळ," गहिनीनाथ म्हणाला. "सांगायचं काम माजं."

पहिल्या गावच्या सभेला तो गेला तेव्हा बरोबर सत्यशीलाबाई होत्या, राजनंदिनी होती, आणि कुणी बोलावलं नसताना गाडीत येऊन बसलेला भागवत. गहिनीनाथ उभा राहिला. आवाज नेहमीसारखाच मोठा.

"मी कवठझरीचा गहिनीनाथ, पानी समितीचा अध्यक्ष. आमचं तळं आठ फुटांचं हाय. तीन वर्सं आमी ते चौदा फुटांचं समजत हुतो, आन् उरल्याल्या पान्याचा चोर हुडकत हुतो."

"मग घावला का चोर?" पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"घावला की. उभा हाय तुमच्यापुढं."

सभा हसावं की नको अशी अवघडली. तेवढ्यात मागून भागवतचा आवाज आला.

"चोर न्हाई वो. रंगारी."

मग सगळ्यात मोठ्यानं गहिनीनाथच हसला, आणि त्या गावच्या सरपंचांनी विचारलं, "ड्रोन आजच उडवता का?"